माशाचं तेल आणि अर्धं राहिलेलं दावं

माझ्या थोरल्या भावाला त्याच्या जावयानं फसवलं, आणि जावयाला जालन्याच्या एका हॉलमध्ये माइक घेऊन उभ्या राहिलेल्या माणसानं फसवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला घोळ व्हायला नको. या एका गोष्टीपायी मी मंठ्याहून जालना, बदनापूर, धावडा आणि परत असा तीन दिवस हिंडले. जिल्ह्याबाहेर पाऊल टाकलं नाही. पण बारा महिने दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या बाईला जिल्हासुद्धा केवढा मोठा असतो ते या तीन दिवसांत कळलं, म्हणून लिहिते.

मंठा ते जालना

आठवडी बाजारात गोणपाटावर चार पातेली मांडून मी धंदा सुरू केला. आता मंठ्यात भांड्यांचं दुकान आहे, तेही कुणाच्या उपकारानं नाही. घासाघीस करण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, आणि रागीट म्हणून जे माझं नाव आहे तेही खोटं नाही.

पौषातली सकाळ. दुकान उघडून पाणी शिंपडते तोच फोन वाजला. धावड्याच्या एस.टी.डी. बूथवरून पारूबाई बोलत होती. ही आमच्या भावकीतली सून. दादाच्या शेजारी राहते आणि त्याला दोन वेळची भाकरी करून घालते. वहिनी गेल्यापासून दादा एकटाच आहे.

"आत्याबाई, दादा काल बांधावर पडल्ते. भोकरदनच्या डॉक्टरनं येऊन सुई दिली. आता बसून हायेत, भाकर बी खाल्ली."

"बीपीची गोळी घेत न्हाई का त्यो?"

"गोळ्या तर कवाच बंद केल्यात की. जावईबापूंनी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्यात. तवापासून गोळी न्हाई."

फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. जावई म्हणजे राजेंद्र, दादाची एकुलती एक लेक नंदा हिचा नवरा. बदनापूरला घर, जालन्यात हापिसात नोकरी. ही सोयरीक ठरवताना मला कुणी विचारलं नव्हतं. एवढंच असतं तर मी गिळलं असतं. पण लग्नात मी रुखवतावर एकवीस भांडी मांडली, सगळी माझ्या दुकानातली, निवडून काढलेली. आणि याच्या आईनं भर मांडवात पातेलं उचलून, वजन केल्यासारखं हातात हलवून म्हटलं, "पातळ हायेत." सहा वर्षं झाली. शब्द अजून कानात आहे.

दुकान नोकरावर टाकलं आणि एस.टी. धरली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी निसवलेली आणि मधल्या पट्ट्यांत करडई पिवळीधमक फुललेली. एरवी मी खिडकीला डोकं लावून पाहिलं असतं. त्या दिवशी मनातल्या मनात जावयाशी भांडत गेले. जालना आलं तरी भांडण निम्म्यावरच होतं.

भांडायचं तर माल पारखून भांडावं, हा माझा नेम. म्हणून आधी दादाचे डॉक्टर गाठले. म्हातारे आहेत, बोलतात हळू, पण चिठ्ठीवरचं अक्षर वाचता येतं. त्यांना सगळं सांगितलं.

"महिन्यातून दोघं-तिघं असेच येतात," ते म्हणाले. "माशाचं तेल वाईट नाही, बाई. लहानपणी माझी आजी मला चमच्यानं पाजायची. माशाच्या लिव्हरचं तेल, वासानं जीव जायचा. मुलांची हाडं वाकू नयेत म्हणून द्यायचे. त्यात जीवनसत्त्वं असतात. आता कॅप्सूलमध्ये येतं ते बहुतेक अख्ख्या माशाच्या चरबीचं असतं. भरपूर मात्रेत घेतलं तर रक्तातली एक जातीची चरबी खाली येते. बीपी उतरलं तर केसभर उतरतं. पण तुमच्या भावाचं बीपी केसभर नाही, हातभर वाढतं."

"मंग निम्मी गोळी आन् निम्मं तेल, आसं चालंल का?" मी सवयीनं विचारलं.

"हा भाजीबाजार नाही," ते म्हणाले, आणि हसले. "तेल घ्यायचंच असेल तर गोळीसोबत घ्यावं, गोळीऐवजी नाही. आणि मला विचारून घ्यावं, कारण रक्त पातळ करणारी गोळी पण त्यांना चालू होती. वाटेल तेवढं तेल त्यात ओतलं तर रक्त थांबायला वेळ लागतो. आज गोळ्या घेऊन जा, आणि लगेच त्यांना इथं घेऊन या."

आयुष्यात पहिल्यांदा एका पैशाचीही सूट न मागता मी दुकानातून माल घेतला. गोळ्यांची पाकिटं चंचीत घातली आणि स्टेशनवर गेले.

बदनापूरची पॅसेंजर

राजेंद्र रोज संध्याकाळच्या पॅसेंजरनं घरी जातो. मी फलाटावर त्याच्या पुढ्यात उभी राहिले तेव्हा तो आधी वाकून पाया पडला. अशानं निम्मं भांडण तिथंच बसतं. हा त्याचा गुण म्हणावा की कावा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"मामा पडले?" त्याचा चेहरा उतरला. "पण आत्या, ते तर रोज दोन घेऊन राह्यलेत! मी स्वतः बाटली नेऊन देतो, दर महिन्याला, बराबर तारखेला."

डब्यात अप-डाऊन करणारे सगळे ओळखीचे. हापिसातले कारकून, शाळेतले मास्तर, बँकेतले दोघं. पत्त्यांसाठी मांडीवर रुमाल पसरलेला. गाडी हलली आणि जरा वेळानं मला वास आला. आमच्याकडं मासा म्हणजे तळ्यातला, तोही वर्षातून एखादवेळी, तरी वास ओळखू आला. एकानं ढेकर दिला, मग दुसऱ्यानं. सगळा डबा तेल घेत होता! राजेंद्रनंच सगळ्यांना बाटल्या विकल्या होत्या, आणि राजेंद्रला त्या हॉलमधल्या माइकवाल्यानं.

"मावशी, बर्फात राहणारे लोक असतात, तिकडं पार उत्तरेला," मास्तर मला समजावू लागले. "दिवसभर मासा आन् सीलची चरबी खातात. तरी त्यांना हार्टचा त्रास कमी. शास्त्रज्ञ तिथं जाऊन बघून आले. तिथून निघालंय हे."

"त्या लोकांना बीपीची गोळी चालू होती, ती बंद करून चरबी दिली का कुणी?"

मास्तरांनी राजेंद्रकडं पाहिलं.

"आन् ते लोक ज्वारीची भाकर खाऊन, उन्हात निंदून, संध्याकाळी तंबाखू मळतात का?" मी विचारलं. "माझा भाऊ ते सगळं करतो. त्यांचं माप त्याला कसं लावता? पातेल्याचं झाकण तांब्यावर बसतं का?"

बँकेतला एक जण म्हणाला, "मावशीला पुढच्या मीटिंगला न्या, राजेंद्रराव. माइकवाल्याची बोलती बंद करतील." सगळे हसले. राजेंद्र नाही हसला. खिडकीबाहेर बदनापूरच्या शेती संशोधन केंद्राच्या तुरीची रानं मागं सरकत होती, तिकडं पाहत म्हणाला, "त्यांनी सांगितलं, गोळी म्हणजे विष आहे, ती फेकून द्या. टाळ्या पडल्या, आत्या. हजार माणूस होतं. मी पहिल्या भेटीलाच मामांच्या फळीवरच्या गोळ्या उचलून आणल्या आन् इथं रुळावर टाकल्या."

माझ्या तोंडाशी आलेली शिवी तिथंच राहिली. लबाड माणूस ओळखण्यात माझं आयुष्य गेलं. हा लबाड नव्हता. याला विकणाऱ्यानं आधी विश्वास विकला होता, आणि यानं तो भाव न करता घेतला होता.

बदनापूर

नंदानं मला पाहून उंबऱ्यातच मिठी मारली. विहीणबाईंनी पाणी दिलं. मी मात्र तांब्या हातात घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरातली फळी पाहत होते. माझं पातेलं मधोमध, चिंचेनं घासून लख्ख केलेलं. त्या पाणी भरायला वळल्या तशी मी नखानं टिचकी मारली. आवाज भरीव आला, आणि पोचा एक नाही.

जेवायला वरणफळं होती, वर कच्चं तेल आणि जवसाची चटणी. चांगली झाली होती. तसं मी म्हटलंही, पण पातेल्याबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांनीही नाही. जेवण झाल्यावर राजेंद्रनं आईच्या तळहातावर दोन पिवळ्या कॅप्सूल ठेवल्या. तिनं मुकाट्यानं गिळल्या. तो हात धुवायला मोरीत गेला, तशी तिनं पदराची गाठ सोडली. आत गोळी होती. तीही गिळली.

मी पाहिलंय हे तिनं पाहिलं.

"ईनबाई, बोलू नका," ती कुजबुजली. "मला बी बीपी हाय. पोराचं मन मोडत न्हाई, आन् माझा जीव बी मोडत न्हाई. खर्चा दुप्पट होतो, होऊ द्या. ढेकर तेवढे माशाचे येतात."

सहा वर्षांत पहिल्यांदा मला ही बाई आवडली.

धावडा

सकाळी राजेंद्रनं रजा टाकली. मी, तो आणि नंदा असे तिघं निघालो. भोकरदनपर्यंत एस.टी., पुढं काळी-पिवळी जीप. ड्रायव्हर म्हणाला, "मागं बसा, बाई." मी म्हटलं, "पुढं बसले तरच तिघं येऊ, न्हाईतर उभी राहते दुसरी गाडी येईपर्यंत." दुसरी गाडी दुपारशिवाय नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण मी पदर खोचून खाली धोंड्यावर जाऊन बसले, तशी पुढची जागा मिळाली. इंजिनाच्या उंचवट्यावर, सगळ्यात ऊबदार ठिकाणी, राजेंद्रनं आपली पिशवी ठेवली. पिशवीत या महिन्याची बाटली होती.

धावड्याकडं जाताना रान बदलतं. आमच्या मंठ्याची काळी सपाटी सुटते, जमीन चढ-उतार घेते, आणि उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगराची निळी रेघ दिसू लागते. घराघरांच्या पुढं लाल मिरची वाळत घातलेली. मला दोन शिंका आल्या आणि माहेर आल्यासारखं वाटलं. खरं म्हणजे आमचं माहेरही हेच.

दादा ओट्यावर बसला होता. पुढ्यात अंबाडीच्या वाखाचा ढीग, आणि खुंटीला अडकवलेलं अर्धं वळलेलं दावं. पंचक्रोशीत दादाच्या हातच्या दाव्याला जोड नाही. बैल म्हातारा होतो, दावं होत नाही. शेजारी त्याचं काळं कुत्रं पसरलेलं. त्या कुत्र्याकडं मी दोनदा पाहिलं. गावातली बाकीची कुत्री खरजेली, आणि हे मात्र शिकेकाईनं न्हायल्यासारखं चमकत होतं.

"आलीस का भांडायला?" दादा म्हणाला.

"तुझ्याशी न्हाई."

"मंग बस. जावईबापू, या. नंदे, किती वाळलीस गं."

डाव्या हाताची दोन बोटं तो मांडीवर ठेवून होता. मी धरून पाहिली. माझा हात त्या बोटांनी परत धरला नाही.

पारूबाईनं येसराची, भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी केली होती. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आमटीचंच आहे असं मी सगळ्यांना भासवलं. दादानं बोटभर भाकरी आमटीत बुडवून आधी नंदाच्या ताटात ठेवली, ती चार वर्षांची असताना ठेवायचा तशी.

जेवणं झाली. राजेंद्रनं पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि उलटी केली. काही पडलं नाही. जीपच्या इंजिनावर कॅप्सूल वितळून सगळ्यांचा एक पिवळा गोळा झाला होता. त्यानं चमच्यानं टोचलं, तशी एक फुटली आणि ओसरीभर माशाचा वास सुटला.

त्याच क्षणी कुत्रं उठलं. इकडं नाही, तिकडं नाही, थेट दादापुढं येऊन मागच्या पायांवर नीट बसलं आणि तोंड उघडून थांबलं. शाळेतलं पोर खाऊसाठी बसतं तसं. दादा म्हणाला, "हाड." ते हललं नाही. दादा पुन्हा म्हणाला, "हाड की रे," आणि त्याचा आवाजच सांगून गेला.

 राजेंद्रच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"आण्णा," नंदा म्हणाली, "तुम्ही हे कुत्र्याला घालून राह्यला होता?"

"त्याला मानवतं," दादा म्हणाला.

"मंग तुम्ही काय घेत होता?"

"काहीच न्हाई."

आता माझा ताबा सुटला. "अरे शहाण्या, तेल नको होतं तर गोळी घ्यायची! भोकरदनला दुकान न्हाई का औषधाचं?"

"त्या दुकानात जावईबापूंचा चुलत भाऊ हाय," दादा शांतपणे म्हणाला. "गोळी मागितली की संध्याकाळपर्यंत बदनापूरला खबर. जावयाचा शब्द मोडला म्हणून."

"आन् मोडला तर काय आभाळ पडलं असतं?"

दादा कुत्र्याच्या पाठीवरून उजवा हात फिरवत राहिला.

"तुझी वहिनी गेल्यावर नंदा वरसातून एकदा यायची, दिवाळीला. यांना सुट्टी नसते, तिला एकटीला यायचं कसं. मंग ही बाटली सुरू झाली. महिन्याला एक बाटली. ती द्यायला हे येतात, यांच्याबरोबर ती येते. बाटली बंद झाली तर कोण येतंय?"

नंदा उठून आत गेली. चुलीपुढं बसल्याचा आवाज आला, पण चूल तर विझली होती.

 मी राजेंद्रला बोलणार होते. सहा वर्षांचं सगळं तयार होतं, पातेल्यासकट. पण तो माझ्याकडं वळून म्हणाला, "आत्या, त्या गोळ्या आणल्यात ना तुम्ही? इकडं द्या."

मी चंचीतून पाकीट काढून दिलं. त्यानं चिठ्ठीवर कशी घ्यायची ते वाचलं, पाण्याचा तांब्या आणला, आणि दादाच्या उजव्या तळहातावर स्वतःच्या हातानं गोळी ठेवली. "मामा, घ्या. माझ्या शब्दावर बंद केल्त्या, माझ्या शब्दावर चालू करा. आन् महिन्याला आम्ही येणार, बाटली न्हाई तरी."

"बिलकुल?" दादानं विचारलं.

"बिलकुल."

"लेखी घे," मी म्हटलं. दादा हसला आणि गोळी गिळली. मी आयुष्यात पुष्कळ सौदे केले, पण दोन्हीकडच्यांनी एकमेकांना जादा देण्यासाठी केलेला सौदा हा एकच पाहिला.

परत

तिसऱ्या दिवशी दादाला जालन्याला आणलं. डॉक्टरांनी हात वर करायला लावला, बोटं मिटायला लावली, डोळ्यांत बत्ती धरली. मेंदूतल्या बारीक नसेचा झटका होता, म्हणाले. थोडक्यात निभावलं. बोटांना व्यायाम दिला तर बरीचशी सुधारतील, पहिल्यासारखी होतीलच असं सांगता येणार नाही.

"तेलानं झालं का?" राजेंद्रनं विचारलं. 

"तेल तर कुत्र्यानं खाल्लं," डॉक्टर म्हणाले. "गोळी बंद झाली, बीपी मोकाट सुटलं, त्यानं झालं."

"आन् जवसाची चटणी?" मी विचारलं. "त्यात बी तसंच तेल असतं, म्हणतात."

"त्याच घराण्यातलं असतं. पण शरीर त्यापासून माशातल्यासारखं तेल फार थोडं करून घेतं. चटणी चव म्हणून खा, औषध म्हणून नाही."

डॉक्टरांकडून निघाल्यावर राजेंद्र म्हणाला, "चला आत्या, हॉलवर." मला सांगावं लागलं नाही. रविवार होता, मीटिंगचा वार. हॉलमध्ये कुणाचा तरी साखरपुडा चालू होता. राखणदार म्हणाला, "ते कॅप्सूलवाले? त्यांचं इथलं संपलं. आता दुसऱ्या जिल्ह्यात लावतात." माइकवाल्यानं दिलेला फोन नंबर राजेंद्रनं समोरच्या बूथवरून तीनदा फिरवला. वाजत राहिला.

मंठ्याला आल्यावर मी दोन कामं केली. बदनापूरला विहीणबाईंना एक झाकण पाठवलं, त्या पातेल्याच्या मापाचं, जाड. आणि हे लिहायला बसले.

त्या माणसाला माझं एवढंच सांगणं आहे. तुझ्या तेलात खोट आहे असं मी म्हणत नाही. कुत्र्याची कातडी अजून चमकते, पारख मला कळते. पण गोळी फेकून द्या, हे तू कोणत्या मापानं मोजून सांगितलंस? हजार माणसांसमोर सांगितलंस ना, मग एका माणसासमोर येऊन सांग. धावड्याला ये. काळी-पिवळीत पुढची जागा मी मिळवून देते. ओट्यावर माझ्या दादापुढं बस. खुंटीला दावं अर्धं वळून लटकलंय, वाख तसाच पडून आहे, आणि दुसरं टोक धरायला त्याची दोन बोटं कमी पडतात. ते टोक हातात धर, आणि मग बोल.